डान्झिग १ सप्टेंबर १९३९ रोजी पडले नाही

१/२३
१ सप्टेंबर १९३९. पहाटे पावणेपाचच्या सुमारास ‘श्लेस्विग-होल्श्टाइन’ या जुनाट जर्मन युद्धनौकेने डान्झिग बंदराच्या तोंडाशी असलेल्या वेस्टरप्लाट्टेवर तोफा डागल्या आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्याच दिवशी डान्झिगचे मुक्त नगर जर्मनीत विलीन झाल्याचे जाहीर झाले. पाठ्यपुस्तकांतून, चित्रपटांतून आणि समाजमाध्यमांवरील असंख्य नोंदींतून नाझींनी डान्झिग घेतल्याची हीच तारीख सांगितली जाते. ही तारीख चुकीची आहे.

२/२३
त्या पहाटे तोफा झडल्या तेव्हा डान्झिगमध्ये जिंकण्यासारखे काही उरलेच नव्हते. विरोधी पक्ष नव्हते, विरोधी वृत्तपत्र नव्हते, सभागृहात विरोधी आवाज नव्हता. ही सारी कत्तल १९३३ ते १९३७ या काळात दिवसाढवळ्या झाली. ज्या नगराच्या राज्यघटनेची हमी राष्ट्रसंघाने घेतली होती, त्या नगरात, राष्ट्रसंघाच्या उच्चायुक्ताच्या डोळ्यांदेखत झाली. १९३९ ही फक्त पंचनाम्याची तारीख आहे.

३/२३
ही चूक निरुपद्रवी नाही. तिच्या आडोशाला तीन सबबी सुखाने नांदतात. पहिली : नगर जर्मनच होते, लोकांनीच नाझींना निवडले, मग तक्रार कसली? दुसरी : राष्ट्रसंघ दंतहीन होता, तो बिचारा काय करणार? तिसरी : एका शहरापायी साऱ्या जगाने युद्ध ओढवून घेतले. तिन्ही सबबी आजही मोठ्या आत्मविश्वासाने मांडल्या जातात. तिन्ही पुराव्यापुढे टिकत नाहीत.

४/२३
आधी नगराची ओळख. व्हर्सायच्या तहाने (१९१९) पुन्हा जन्मलेल्या पोलंडला समुद्राकडे वाट दिली. त्या वाटेचे नैसर्गिक बंदर म्हणजे विस्तुला नदीच्या मुखाजवळचे डान्झिग. पण तिथले नव्वद टक्क्यांहून अधिक लोक जर्मन भाषक. ते पोलंडला द्यावे तर स्वयंनिर्णयाच्या तत्त्वाला हरताळ, जर्मनीकडे ठेवावे तर पोलंडचा गळा आवळलेला. मधला मार्ग म्हणून १५ नोव्हेंबर १९२० रोजी ‘मुक्त नगर’ अस्तित्वात आले. क्षेत्रफळ दोन हजार चौरस किलोमीटरहून किंचित कमी, लोकसंख्या १९२० च्या दशकाअखेर सुमारे चार लाख.

५/२३
नगराला स्वतःचे विधिमंडळ होते : फोल्क्सटाग. स्वतःचे सरकार होते : सिनेट. १९२३ पासून स्वतःचे चलनही होते : गुल्डन. परराष्ट्रव्यवहार पोलंडमार्फत चालत, जकात पोलंडशी एकत्र होती आणि बंदरात पोलंडला हक्क होते. या सर्वांवर राष्ट्रसंघाचे छत्र होते. राज्यघटनेची हमी राष्ट्रसंघाची. राष्ट्रसंघाची हरकत नसेल तरच घटनेत बदल करता येई. त्याच्या संमतीवाचून नगराला लष्करी वा आरमारी तळ होता येत नसे. हे सारे तहाच्या आणि घटनेच्या कलमांत लिहिलेले होते.

६/२३
ही रचना आदर्श होती असे कोणी म्हणणार नाही. डान्झिगकरांना जर्मनीपासून तुटल्याचा सल होता, तर पोलंडला डान्झिगवर विसंबून राहण्याची धास्ती होती. म्हणून पोलंडने जवळच ग्डिनिया येथे स्वतःचे नवे बंदर उभारले आणि डान्झिगचा व्यापार तिकडे ओढला गेला. त्यात १९२९ नंतरच्या जागतिक मंदीची भर पडली. बेकार गोदी-कामगार आणि हवालदिल दुकानदार हे नाझी प्रचाराचे तयार श्रोते ठरले. पण तक्रारी खऱ्या असल्या म्हणून त्यांवरचा प्रत्येक उपाय न्याय्य ठरत नाही.

७/२३
१९२७ च्या निवडणुकीत १२० जागांच्या फोल्क्सटागमध्ये नाझींचा एकच सदस्य होता. १९३० च्या ऑक्टोबरमध्ये हिटलरने बव्हेरियातील आल्बर्ट फोर्स्टर या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला डान्झिगचा गाउलायटर, म्हणजे पक्षाचा प्रांतप्रमुख, म्हणून पाठवले. नोव्हेंबरमध्ये सदस्यसंख्या ७२ करण्यात आलेल्या सभागृहात नाझींना १२ जागा मिळाल्या. ज्या माणसाने या नगराचा ‘जर्मन आत्मा’ जागवल्याचा दावा केला, तो नगराचा रहिवासी नव्हता, बाहेरून नेमलेला पक्षाधिकारी होता. हे विसरले जाऊ नये.

८/२३
२८ मे १९३३. हिटलर बर्लिनमध्ये सत्तेवर येऊन चार महिने झाले होते. त्या दिवशी डान्झिगमध्ये नाझींना पन्नास टक्क्यांच्या किंचित वर मते आणि ७२ पैकी ३८ जागा मिळाल्या. पहिल्या सबबीचा सारा आधार हाच आकडा. लोकांनी कौल दिला, विषय संपला! पण हा कौल सरकार चालवण्यासाठी होता, घटना गाडण्यासाठी नव्हता. बहुमत हा राज्य करण्याचा परवाना असतो. पुढची निवडणूक निरर्थक करण्याचा परवाना कोणत्याही बहुमताला मिळत नसतो. डान्झिगच्या घटनेने तर तो स्पष्ट शब्दांत नाकारला होता.

९/२३
पहिला नाझी सिनेट-अध्यक्ष हेर्मान राउश्निंग याने जूनमध्येच अध्यादेशांनी राज्य करण्याचा अधिकार देणारा कायदा संमत करून घेतला. इतर पक्षांतही त्याला मदत करणारे निघाले. थोडी ढील दिली की वाघ माणसाळतो अशी त्यांची समजूत होती. मग अध्यादेशांची रांग लागली. पोलीस, शाळा, कामगार संघटना, नोकरशाही एकेक करून पक्षाच्या मुठीत आली. ‘डान्झिगर फोल्क्सश्टिम्मे’ या समाजवादी दैनिकावर वारंवार बंदी घातली गेली. १९३४ मध्ये साम्यवादी पक्ष बेकायदा ठरला. प्रत्येक पाऊल कायद्याच्या कागदावर पडत होते, आणि म्हणूनच ते ओळखायला सोपे होते.

१०/२३
राउश्निंगचे फोर्स्टरशी पटेना. नोव्हेंबर १९३४ मध्ये तो पायउतार झाला आणि त्याच्या जागी आर्थर ग्राइझर आला. १९३५ च्या निवडणुकीत याच राउश्निंगने नाझीविरोधकांची बाजू घेतली. दोन वर्षांपूर्वी ज्याने दार उघडून दिले, तोच आता चोराच्या नावाने हाकाटी करीत होता. त्याला पुढे परागंदा व्हावे लागले. असल्या माणसांविषयी सहानुभूती वाटू शकते, पण त्यांच्या पश्चात्तापाने उघडलेले दार बंद होत नाही.

११/२३
७ एप्रिल १९३५ ची निवडणूक हा या कथेचा कणा आहे, आणि नेमकी तीच बहुतेकांना ठाऊक नसते. घटना बदलण्यासाठी लागणारे दोन-तृतीयांश, म्हणजे ४८ जागा, मिळवण्यासाठी नाझींनी ही मुदतपूर्व निवडणूक लादली. नभोवाणी त्यांची, पोलीस त्यांचे, रस्त्यावरची दंडेली त्यांची. विरोधकांच्या सभा उधळल्या गेल्या, कार्यकर्ते मार खाऊन घरी परतले. इतके करूनही ४३ जागांवर गाडी अडली. सुमारे चार-दशांश मतदारांनी दहशतीच्या तोंडावर नाझींविरुद्ध मत टाकले.

१२/२३
‘नगर जर्मनच होते’ असे म्हणणाऱ्यांनी येथे थांबून विचार करावा. ही विरोधी मते प्रामुख्याने जर्मन भाषकांचीच होती : समाजवादी कामगार, कॅथलिक झेन्ट्रुम पक्षाचे मतदार, जुने राष्ट्रवादी. पोलिश मतदार मूठभर होते. म्हणजे जर्मन असणे आणि नाझी असणे यांतील फरक डान्झिगच्या जर्मनांनी स्वतःच मतपेटीतून दाखवून दिला होता. हा फरक पुसून टाकणे हा नाझी प्रचाराचा मुख्य उद्योग होता. नव्वद वर्षांनंतरही तो काही जण फुकटात चालवून देतात.

१३/२३
निवडणुकीनंतर महिना उलटायच्या आत, मे १९३५ मध्ये, गुल्डनचे चाळीस टक्क्यांहून अधिक अवमूल्यन झाले. नाझी सिनेटच्या उधळपट्टीने तिजोरी पोखरली होती. लोकांची बचत एका रात्रीत जवळजवळ निम्म्यावर आली. विरोधकांनी निवडणुकीतील गैरप्रकारांविरुद्ध डान्झिगच्याच उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने गैरप्रकार मान्य केले, परंतु निवडणूक रद्द केली नाही. आकडे, न्यायालय आणि अर्थव्यवस्था या तिन्ही आघाड्यांवर नाझी त्या वर्षी अडचणीत होते. अजेय तर ते मुळीच नव्हते.

१४/२३
त्यातच ऑगस्ट १९३५ मध्ये सिनेटने दंडसंहिता बदलणारे अध्यादेश काढले. त्यांनुसार एखादे कृत्य कायद्यात गुन्हा म्हणून नमूद नसले, तरी ‘निकोप लोकभावने’ला ते शिक्षापात्र वाटले तर न्यायाधीश शिक्षा देऊ शकत होता. लोकभावना कोणती हे ठरवणार कोण? अर्थात पक्ष. विरोधकांचे गाऱ्हाणे राष्ट्रसंघाकडे गेले आणि प्रश्न हेगच्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे आला. ४ डिसेंबर १९३५ रोजी न्यायालयाने बहुमताने मत दिले : हे अध्यादेश मुक्त नगराच्या घटनेशी विसंगत आहेत.

१५/२३
दुसऱ्या सबबीची कसोटी येथे लागते. राष्ट्रसंघ दंतहीन असता तर पुढे काहीच घडायला नको होते. पण जानेवारी १९३६ मध्ये राष्ट्रसंघाच्या परिषदेने ब्रिटनच्या अँथनी ईडन यांच्या पुढाकाराने दबाव आणला, आणि ग्राइझरला मान तुकवावी लागली. सिनेटला वादग्रस्त तरतुदी मागे घ्याव्या लागल्या. एका लहानशा, कर्जबाजारी नगरसरकारला युरोपच्या महासत्तांचा एकमुखी शब्द पेलवला नाही. दात होते, आणि एकदा ते लागलेही होते.

१६/२३
मग बदलले काय? ७ मार्च १९३६ रोजी हिटलरने तह मोडून ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवले आणि ब्रिटन-फ्रान्स पाहत राहिले. त्याच सुमारास इटलीने ॲबिसिनिया गिळला. ३० जूनला सम्राट हैले सेलासी यांनी जिनिव्हात राष्ट्रसंघापुढे उभे राहून न्याय मागितला आणि ते रिकाम्या हाताने परतले. ३ जुलैला श्टेफान लुक्स या ज्यू पत्रकाराने ज्यूंच्या छळाकडे जगाचे लक्ष वेधण्यासाठी राष्ट्रसंघाच्या सभागृहातच स्वतःवर गोळी झाडून घेतली. दुसऱ्याच दिवशी, ४ जुलैला, ग्राइझर बोलायला उभा राहिला.

१७/२३
तेव्हाचे उच्चायुक्त आयर्लंडचे शॉन लेस्टर. घटनेची हमी ते शब्दशः मानत आणि विरोधी पुढाऱ्यांनाही आपल्या समारंभांना निमंत्रण देत. हाच त्यांचा गुन्हा. जून १९३६ मध्ये ‘लाइपत्सिग’ ही जर्मन युद्धनौका डान्झिगला आली. शिष्टाचाराप्रमाणे तिच्या कप्तानाने उच्चायुक्तांची भेट घ्यायला हवी होती, ती मुद्दाम टाळण्यात आली. जिनिव्हात ग्राइझरने मागणी केली : लेस्टर हटवा, नाहीतर हे पदच रद्द करा. परतताना त्याने पत्रकारांच्या सज्जाकडे पाहून नाकावर अंगठा ठेवून वेडावून दाखवले.

१८/२३
त्या वेडावण्याच्या कथा रंगवून सांगितल्या जातात. त्यानंतरचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. परिषदेने तोडगा शोधण्याचे काम पोलंडकडे सोपवले. १९३४ च्या जर्मनीशी झालेल्या अनाक्रमण कराराला जपणाऱ्या पोलंडला स्वतःचे बंदरातील हक्क हवे होते. डान्झिगच्या विरोधकांचे स्वातंत्र्य हा त्याचा प्रश्न नव्हता. लेस्टर यांना राष्ट्रसंघाच्या उपसरचिटणीसपदी बढती देऊन जिनिव्हाला बोलावून घेतले गेले. हाकलण्याची ही सर्वांत सभ्य रीत. पुढचे उच्चायुक्त, स्विस इतिहासकार कार्ल याकोब बुर्कहार्ट, यांना नगराच्या अंतर्गत कारभारात शक्यतो पडू नये असेच सुचवण्यात आले होते.

१९/२३
यजमानानेच पाठ फिरवल्यावर उरलेले काम भराभर उरकले. ऑक्टोबर १९३६ मध्ये समाजवादी पक्षावर बंदी आली. मे १९३७ मध्ये हान्स वीशमान हा समाजवादी लोकप्रतिनिधी उच्चायुक्त बुर्कहार्ट यांना भेटून बाहेर पडला आणि पुन्हा कोणाला दिसला नाही. त्याच महिन्यात राष्ट्रवादी पक्ष विसर्जित झाला, ऑक्टोबरमध्ये झेन्ट्रुमवर बंदी आली. मतपेटीतून न मिळालेले दोन-तृतीयांश बहुमत धाकाने मिळवले गेले. डान्झिग पडले ते या वर्षी. एकही तोफ उडाली नाही.

२०/२३
याची किंमत सर्वांत आधी ज्यूंनी मोजली. नगरात ते सुमारे दहा हजार होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्यांच्या दुकानांवर हल्ले झाले, नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉग पेटवले गेले आणि पाठोपाठ न्यूरेंबर्गचे वंशभेदी कायदे डान्झिगमध्येही लागू झाले. समाजाने आपले भव्य सिनेगॉग विकून लोकांच्या स्थलांतराचा खर्च उभा केला. १५ एप्रिल १९३९ ला तिथे शेवटची प्रार्थना झाली आणि मग ती वास्तू पाडण्यात आली. धार्मिक वस्तूंच्या दहा पेट्या न्यूयॉर्कला रवाना झाल्या. अट अशी : पंधरा वर्षांत डान्झिगमध्ये ज्यू समाज सुरक्षितपणे नांदू लागला तर त्या परत द्याव्यात, अन्यथा तिथेच ठेवाव्यात. त्या तिथेच आहेत.

२१/२३
आता तिसरी सबब. ४ मे १९३९ रोजी मार्सेल देआ या फ्रेंच राजकारण्याने ‘डान्झिगसाठी मरायचे?’ अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि तो प्रश्न युरोपभर गाजला. पण २३ मे रोजी खुद्द हिटलरने आपल्या सेनानींना सांगितले होते की वादाचा विषय डान्झिग नाहीच. प्रश्न पूर्वेकडे जमीन बळकावण्याचा आहे. ज्याने मागणी केली त्यालाच ती मागणी खरी वाटत नव्हती. देआ मात्र पुढे नाझींचा सहकारी बनला. एका शहरापायी युद्ध झाले असे म्हणणारे आजही हिटलरची जाहिरात सत्य मानतात आणि त्याचा कबुलीजबाब वाचत नाहीत.

२२/२३
२३ ऑगस्ट १९३९ ला, नाझी-सोव्हिएत करार झाला त्याच दिवशी, सिनेटने फोर्स्टरला नगरप्रमुख ठरवले. दोनच दिवसांनी ‘श्लेस्विग-होल्श्टाइन’ सदिच्छा भेटीचा बहाणा करून बंदरात शिरली. १ सप्टेंबरला बुर्कहार्ट यांना नगर सोडायला लावले. वेस्टरप्लाट्टेवरचे सुमारे दोनशे पोलिश सैनिक सात दिवस लढले. पोलिश टपाल कचेरीतले कर्मचारी पंधरा तासांच्या आसपास लढले. शरण आलेल्यांपैकी ३८ जणांना ५ ऑक्टोबरला गोळ्या घातल्या गेल्या. ती शिक्षा बेकायदा होती हे मान्य करायला जर्मन न्यायालयाला १९९८ साल उजाडावे लागले. मुक्त नगराच्याच भूमीवर श्टुटहोफची छळछावणी २ सप्टेंबरला सुरू झाली. तिच्यात साठ हजारांहून अधिक माणसे मेली. तिची आखणी तोफा उडण्यापूर्वीच झाली होती.

२३/२३
ग्राइझर १९४६ मध्ये पोझ्नान येथे फासावर गेला, फोर्स्टरला १९५२ मध्ये पोलंडमध्ये देहदंड मिळाला. गुन्हेगारांचा निकाल लागला. हमीदारांचा लागला नाही, कारण हमी पाळली नाही म्हणून कोणालाही फाशी होत नसते. पण इतिहासाने तरी त्यांना ‘दुर्बल’ म्हणून सोडून देऊ नये. डान्झिगच्या विरोधकांनी मार खात मते मिळवली, न्यायालयात दाद मागितली, हेगपर्यंत जाऊन खटला जिंकला. घटनेने जे मार्ग दिले होते ते सारे त्यांनी चोखाळले. ज्यांच्या सहीवर त्यांनी विश्वास ठेवला, त्यांनीच ती सही पुसली. म्हणून यापुढे कोणी ‘डान्झिग कधी पडले?’ असे विचारले, तर उत्तर तोफांच्या तारखेने देऊ नये. ते ४ जुलै १९३६ च्या त्या बैठकीपासून सुरू करावे, जिथे वेडावून दाखवणाऱ्याची मागणी मान्य झाली आणि घटना वाचून दाखवणाऱ्याला बढती मिळाली.